फिल्टर धुतलेलं पाणी

सुट्टीच्या दिवशी सकाळचा चहा झाला, की मिस्त्री अंगणात स्टूल टाकून बसायचे, पायांशी पाण्याचं घमेलं ओढून घ्यायचे आणि सुनेला हाक मारायचे, "आण गं, तुझा आठवडा आण."

आठवडा म्हणजे काय, तर तिच्या जीपचा एअर फिल्टर. इंजिनालाही श्वास लागतो, आणि त्या श्वासातली धूळ अडवायला ही घड्याघड्यांच्या सुती जाळीची चौकट बसवलेली असते. जाळीला तेलाचा हात दिला की धूळ तिला चिकटते आणि हवा तेवढी आत जाते. आठवडाभर धूळ खाऊन मळलेली ती चौकट सून गाडीतून काढून आणायची. मिस्त्री ती साबणाच्या पाण्यात बुडवून हलवायचे आणि पाण्याकडे बघत बोलायला लागायचे.

"पांढरं पाणी. म्हणजे माळावरच्या वस्त्यांना गेली होतीस. आणि हा खाली लाल गाळ बसतोय बघ. येताना दगडखाणीवरून आलीस. का गं? पूल बंद होता?"

आणि पूल खरंच बंद असायचा! सून कपाळाला हात लावायची, "बाबा, तुम्ही गाडीच्या डिकीत बसून येता की काय हो?" मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसायचे. मग जाळी सावलीत वाळायची, संध्याकाळी तिला तेल लागायचं आणि दुसऱ्या दिवशी सून कामावर निघायची.

काम म्हणजे दवाखान्याची जीप. जिथं रस्ता संपतो तिथून पुढं तिचं काम सुरू. नर्सबाईंना घेऊन माळावरच्या वस्त्यांत जायचं आणि जो आजारानं अंथरुणाला खिळलेला असेल त्याला उचलून आणायचं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला धड सायकल येत नव्हती. तिला जीप शिकवली ती या सासऱ्यानं, याच अंगणात. गल्लीतली माणसं कुंपणापाशी उभी राहून हसायची. मिस्त्री त्यांना म्हणायचे, "हसून घ्या. उद्या तुमची हाडं मोडली की हीच न्यायला येणार आहे." आणि तसंच झालं की! हसणाऱ्यांपैकी निम्मे तरी तिच्या गाडीत आडवे पडून दवाखान्यात गेले असतील.

मिस्त्रींचं गॅरेज याच अंगणात होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा ते बंद झालं. मग सासूबाई गेल्या. मग पाने, जॅक, हातोड्या एकेक करून ज्याला लागतील त्याला देऊन झालं. माणूस दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. स्वतःचं म्हणून एकच काम उरलं होतं, आठवड्यातून एकदा हा फिल्टर धुऊन त्याला तेल लावायचं. आणि आता नेमकं तेच काम त्यांच्या हातून काढून घ्यायची पाळी सुनेवर आली होती.

झालं ते असं. माळावरच्या एका वस्तीतून दिवस भरलेली बाई गाडीत घेतली होती. कळा सुरू होत्या. नदी ओलांडून चढाला लागले आणि गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. सून पाय दाबतेय, दाबतेय, पण गाडीत जोरच नाही. मागून ती बाई ओरडतेय, आणि नर्सबाई तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतायत, "अगं चालव! हे बाळ काही तुझ्या गाडीसाठी थांबायचं नाही!" तिनं गाडी मागं घेतली, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकली आणि मुंगीच्या पावलांनी तो चढ कसाबसा काढला. बाळ दवाखान्याच्या फाटकातच जन्मलं. मुलगी झाली, रडली, आई हसली, नर्सबाईंनी सुनेच्या पाठीवर थाप मारली. सगळं ठीक झालं, आणि सून गाडी घेऊन तडक वर्कशॉपला गेली.

वर्कशॉपच्या फोरमननं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला. मग म्हणाला, "तार तेलकट झालीये."

"कसली तार?"

"नव्या गाड्यांत आत येणारी हवा मोजायला केसासारखी तार असते. फिल्टरचं तेल उडून तिच्यावर बसलंय. तिला हवेचा अंदाजच येत नाही, मग इंजिन बिचारं काय करणार? तेल कोण लावतं तुझ्या फिल्टरला?"

"आमचे बाबा."

फोरमननं फिल्टर बाहेर काढला. तो स्वतः मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेला. "छे गं," तो म्हणाला, "मिस्त्रींच्या हातून एक थेंब जास्त पडायचा नाही." पण फिल्टर त्याच्या हातात होता आणि त्याच्या मनगटावरून तेलाचा ओघळ चालला होता. दोघंही तो ओघळ बघत राहिले.

फोरमननं आतून एक खोका आणला. "हा कोरडा फिल्टर. याला तेल नाही, पाणी नाही. हे बघ, तेलाचा वाईट असतो असं नाही. मोजून तेल लावलं तर हवा मोकळी मिळते, पुन्हा पुन्हा धुता येतो. पण तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर हे असं. शिवाय माळावर मध्येच भरला तर धुणार कधी आणि वाळवणार कधी? कोरडा त्या पिठासारख्या धुळीत लवकर भरेल, पण थांबायचं, झटकायचा, परत बसवायचा. आजारी माणसं घेऊन फिरतेस ना? मग कोरडाच लाव."

तार पुसून झाली. खोका सीटखाली ठेवून सून घरी निघाली. वाटेत तिनं वाक्य जुळवलं, बाबा, फोरमन म्हणतो की, असं सुरू होणारं. साधं तर होतं. म्हातारा काही तिला खाणार नव्हता.

घरी येऊन तिनं आधी चहा टाकला. नवरा शिंपी, त्यानं आपला ग्लास सदऱ्याच्या टोकात धरून घेतला आणि फू फू करत मशीनवर जाऊन बसला. मिस्त्रींनी मात्र वाफाळता ग्लास सरळ मुठीत धरला आणि गप्पा मारत बसले. सून बघतच राहिली. उजव्या हाताच्या बोटाला चांगला मोठा फोड होता.

"बाबा, भाजलं का हो?"

"कुठं?" मिस्त्रींनी बोटाकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या बोटाकडे बघावं तसं. मग हात मांडीखाली सरकवला. "काहीतरी लागलं असेल. चहात साखर कमी आहे गं आज."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाजारात फिल्टरचं लाल तेल मिळतं, लावलेलं डोळ्यांना दिसतं. मिस्त्रींना ते कधीच पटलं नव्हतं. ते बिनरंगाचं तेल वापरायचे आणि जाळीची घडी चिमटीत धरून बघायचे. बोट सांगायचं, पुरे, की थांबायचे. आता बोट काही सांगतच नव्हतं, आणि म्हातारा बिचारा वाट बघत आणखी एक हात, आणखी एक हात देत होता.

जुळवलेलं वाक्य तिथंच विरलं. तेल जास्त झालं, हे ती सांगू शकली असती. पण तुमची बोटं गेली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिनं आधी आडून आडून प्रयत्न केला. लाल तेलाची बाटली आणली. मिस्त्रींनी ती उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. "रंग बघून तेल लावायला मी काय भिंत रंगवतोय?" गाडीत तिनं नर्सबाईंना विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "रक्तात साखर वाढली की बोटं बधिर होतात. घेऊन ये त्यांना तपासायला." एकदा तपासून या, एवढंच तिनं मिस्त्रींना सुचवलं, तर त्यांनी ते उडवून लावलं. "मला काय धाड भरलीये?"

शेवटी ती नवऱ्यापाशी गेली. "अहो, तुमचे वडील आहेत. तुम्ही सांगा."

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मी? माझं ऐकलंय कधी त्यांनी? मी गॅरेजऐवजी शिलाई मशीन धरलं, ते अजून पचलेलं नाही त्यांना. तुझं ऐकतात ते. तूच सांग."

"माझ्यानं नाही होणार हो. त्या माणसानं मला माणसांत आणलं. त्यांना कसं म्हणू, बाजूला व्हा म्हणून?"

"आणि गाडीतल्या माणसांचं काय?"

तो सरळ प्रश्न होता आणि त्याला उत्तर एकच होतं. मग दोघांनी मिळून जे ठरवलं, ते या घराखेरीज जगात कोणाला सुचलं नसतं. गाडीला कोरडा फिल्टर लावायचा. तेलाचा फिल्टर आठवडाभर शिंप्याच्या चिंध्यांच्या ढिगाखाली लपवायचा. सुट्टीच्या आधी त्याच्यावर धूळ टाकून तो गाडीत बसवायचा, म्हणजे बाबा आपले धुतील, तेल लावतील, आणि त्यांच्या आनंदात बाधा नको. ज्यानं कोणी म्हातारं माणूस घरात सांभाळलंय, त्यानंच हसावं या दोघांना.

पहिल्या खेपेला सुनेनं माळावरची धूळ डब्यात भरून आणली आणि जाळीवर चाळणीनं चाळल्यासारखी पसरली. मिस्त्रींनी फिल्टर धुतला, पाण्याकडे बघितलं, "माळावर गेली होतीस," एवढंच म्हणाले. सुनेचा जीव भांड्यात पडला. मात्र त्या दिवशी त्यांनी पुलाचं काही विचारलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला सगळाच गोंधळ झाला. रोग्यांना घेऊन यायला तिला उशीर झाला, ती सुट्टीच्या सकाळीच परतली. वाटेतून नवऱ्याला फोन करून म्हणाली, "अहो, फिल्टरवर थोडी धूळ टाका आणि मागच्या गल्लीत घेऊन या." शिंपी फिल्टर नव्या कपड्यांच्या गठ्ठ्यासारखा छातीशी धरून आला. भर गल्लीत बॉनेट उघडून दोघांनी अदलाबदल केली, इकडे तिकडे बघत, चोरांसारखी.

अंगणात घमेलं तयारच होतं. "आण गं, तुझा आठवडा."

मिस्त्रींनी फिल्टर पाण्यात बुडवला, हलवला आणि थांबले. पाणी काळं झालं होतं. पांढरं नाही, लाल नाही, चांगलं काळंकुट्ट. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग अंगणाकडे बघितलं, मग सुनेकडे.

"आठवडाभर गाडी अंगणातच फिरवलीस का गं?"

खिडकीतलं मशीन थांबलं.

"ही माझ्या गॅरेजची माती आहे," मिस्त्री म्हणाले. "इतकी वर्षं इथं इंजिनं सोडली, तेल सांडलं, तेव्हा कुठं ही अशी काळी झाली. माळावर ही कुठून येणार?"

शिंपी खिडकीतून म्हणाला, "बाबा, ते मी..."

"तू थांब. पांढऱ्या सदऱ्याला काळा दोरा घालशील का कधी? मग धुळीचं तरी विचारायचंस कोणाला." ते पुन्हा सुनेकडे वळले. आवाज चढला नव्हता. "मागच्या खेपेलाही कळलं होतं मला. धूळ माळाचीच होती, पण वरवर बसलेली. इंजिनानं ओढलेली धूळ घडीच्या तळाशी जाऊन चिकटते. म्हटलं बघू, पोर आपणहून सांगते का."

सुनेला रडू आवरेना. ती तिथंच जमिनीवर बसली. "कशी सांगू, बाबा? तुम्ही मला हाताला धरून शिकवलंत. तुम्हालाच कसं म्हणू, आता हात लावू नका म्हणून? मला नाही जमलं. लाज वाटली मला."

"गाडी अडली होती ना कुठं?"

"नदीच्या चढाला."

"आत कोण होतं?"

तिनं सांगितलं. बाई, कळा, तो चढ, फाटकात रडलेली ती चिमुरडी, फोरमननं दिलेला कोरडा फिल्टर, सगळं. मिस्त्री ऐकत होते आणि आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते. तेल आणि पाणी त्यांच्या बोटांवरून गळत होतं.

"कळत नाही गं काही," ते म्हणाले. "हिवाळ्यापासून. सदऱ्याची बटणं बघून लावावी लागतात. मला वाटायचं, एवढं तेलाचं तरी जमतंय. एवढं तरी राहू दे." मग एकदम मान वर करून विचारलं, "पण म्हणजे त्यानंतर तू कोरडा लावूनच जात होतीस?"

"हो."

"नक्की? एकदाही माझा लावून गेली नाहीस? माझं मन राखायला?"

"नाही, बाबा. शपथ."

मिस्त्रींनी मोठा श्वास सोडला. "मग फिल्टर बदललास ते बरोबर केलंस. खोटं बोललीस ते चूक केलंस. दोन्ही एकात कालवू नकोस आणि रडू नकोस. कुठाय तो कोरडा? आण इकडे."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं, फिल्टरच्या डब्याचे खटके सोडले आणि आपल्या हातानं कोरडा फिल्टर आत बसवला. खटके लावायच्या आधी मात्र ते बाजूला सरकले. "रबराची कड नीट बसलीये का ते तू चाचपून बघ. माझ्यावर विसंबू नकोस." तिनं कडेवरून बोट फिरवलं. बसली होती, कुठंही फट नव्हती.

"आणि तुझ्या नर्सबाईंना सांग, येतो म्हणावं तपासायला," मिस्त्री म्हणाले. "सुई टोचायची तर टोचू दे. नाहीतरी मला कुठं कळणार आहे!" आणि स्वतःच हसले. शिंपी खिडकीत उभा होता. त्याला मात्र हसता आलं नाही, तो तोंड फिरवून पुन्हा मशीनवर जाऊन बसला.

तेलाची बाटली झाकण घट्ट लावून फळीवर गेली. घमेलं भिंतीला पालथं पडलं.

पुढच्या सुट्टीला चहा झाला आणि मिस्त्री जागचे हललेच नाहीत. स्टूल आतच राहिलं. हाक नाही, काही नाही. सून कपबशा विसळता विसळता दाराकडे बघत होती. ते दारात बसून गल्लीतल्या गाड्यांचे आवाज ऐकत होते आणि त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. तिला ते बघवेना. ती गेली, गाडीतून कोरडा फिल्टर काढून आणला, अंगणात जुना कागद पसरला आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आठवडा आणलाय."

"त्यात काय बघायचंय? त्याला पाणी लागत नाही."

"नसेल लागत. या तरी."

तिनं फिल्टर कागदावर हळूच आपटला. धूळ भुरभुर पडली, पुन्हा आपटला, छोटासा ढीग झाला. मिस्त्री मान वाकडी करून बघत होते. थोड्या वेळानं उठले. थोड्या वेळानं स्टूलही बाहेर आलं.

"पांढरी," ते म्हणाले. "पण माळावरची पांढरी की नदीच्या पात्रातली? दिसायला दोघी जुळ्या बहिणी. त्या अशा बघून नाही कळायच्या, त्यांना चिमटीत..."

बोलता बोलता त्यांनी सवयीनं चिमूट उचलली. बोटांत धरून चोळली. पुन्हा चोळली. हात तसाच थांबला आणि चेहरा पडला. सून श्वास रोखून बघत होती. तिला वाटलं, उगाच बोलावलं आपण यांना, झाकली जखम उघडी केली.

मिस्त्रींनी तिचा हात ओढला आणि ती चिमूट तिच्या तळव्यावर ठेवली.

"चोळ. मऊ आहे की चरचरीत?"

तिनं डोळे मिटून बोटांत धूळ चोळली. "चरचरीत."

"नीट बघ. घाई नको."

"चरचरीतच आहे, बाबा. वाळूसारखी."

"मग पात्रातून आलीस," मिस्त्री म्हणाले आणि स्टूल पुढं ओढून ढिगाऱ्यावर वाकले. "पूल अजून बंदच आहे होय गं?"

"बंदच आहे, बाबा," ती म्हणाली.